परदेशात बाईकवर: आधी हात तयार करा, मग नकाशा उघडा

परदेशातल्या पहिल्या बाईक सहलीची तयारी बहुतेक जण नकाशापासून सुरू करतात. माझा आग्रह आहे की ती एखाद्या मोकळ्या मैदानात सुरू करावी. अनोळखी देशात रस्त्याची बाजू कदाचित उलटी असते, पाट्या वेगळ्या असतात, चौकात आधी कोणी जायचं याचे नियम वेगळे असतात आणि बाईकही बहुधा भाड्याची, हाताला न बसलेली असते. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या लक्षाचा थोडा-थोडा वाटा खाते. अशा वेळी ब्रेक कसा दाबायचा आणि वळणात कुठे बघायचं याचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही. ते हातापायांना आपोआप यायला हवं.

लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा अभ्यास संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली आला. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत चालकाला मिळणारा वेळ साधारणपणे दोन सेकंदांहूनही कमी होता, असं त्यात आढळलं. त्या वेळात अनेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. अहवाल जुना असला तरी माणसाचा हात घाबरल्यावर आजही तेच करतो. दोन सेकंदांत शिकता येत नाही, आधी शिकलेलंच बाहेर येतं.

निघण्याआधी दोन-तीन महिने: मैदानातला सराव

सुरुवात ब्रेकपासून करा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. पण वजन पुढे यायला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर झटक्यात आवळला तर एबीएस (चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) नसलेल्या बाईकचं पुढचं चाक अडकतं आणि बाईक खाली जाते. म्हणून ब्रेक दोन टप्प्यांत लावायचा. आधी लिव्हरमधला मोकळा भाग संपवून पुढचा सस्पेन्शन बसू द्यायचा, मग लगेच जोर वाढवत न्यायचा. हे सगळं सलग, अर्ध्या सेकंदाच्या आत जमायला हवं. एबीएस असेल तरी सवय हीच ठेवा. लिव्हरमध्ये धडधड जाणवली की घाबरून हात सोडू नका, तेव्हा एबीएस त्याचं काम करत असतो.

मैदानात एक खूण करा. ताशी ३० किलोमीटर वेगाने या आणि खुणेपासून ब्रेक लावत थांबा. जमलं की ४०, मग ६०. दर वेळी किती मीटर लागले ते पावलांनी मोजा. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावणारा चालक ६०च्या वेगातून साधारण २० मीटरमध्ये थांबतो. १२०च्या वेगातून त्यालाच सुमारे ८० मीटर लागतात, कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचं अंतर चौपट होतं. शिवाय प्रतिक्रियेचा एक सेकंद असतोच, त्यात ६०ला १७ मीटर आणि १२०ला ३३ मीटर ब्रेक न लागताच निघून जातात. आता हाच सराव सहलीचं सगळं सामान लादून करा. मागे कोणी बसणार असेल तर त्या व्यक्तीला बसवून, तिच्या संमतीने आणि कमी वेगापासून करा. लादलेली बाईक वेगळी वागते हे मैदानातच कळलेलं बरं.

दुसरा सराव अगदी कमी वेगाचा. लादलेली बाईक पडते ती बहुतेकदा हॉटेलच्या फाटकाशी, उतारावरच्या पार्किंगमध्ये किंवा बंद रस्त्यावरून मागे वळताना. क्लच अर्धवट पकडा, थ्रॉटल स्थिर ठेवा, मागचा ब्रेक हलकासा लावून ठेवा आणि मान पूर्ण वळवून जिथे जायचं तिथे बघा. पुढचा ब्रेक अशा वेळी हातात घेऊच नका, हँडल वळलेलं असताना तो लागला की बाईक आडवी झालीच म्हणून समजा. दोन पार्किंगच्या जागांएवढ्या रुंदीत यू-टर्न घेता यायला लागला, तोही दोन्ही बाजूंना, की अनोळखी गल्ल्यांची निम्मी भीती जाते. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. ती कोणती ते शोधा आणि त्याच बाजूला दुप्पट वळा.

तिसरी गोष्ट हँडलची. चालत्या वेगात बाईक डावीकडे वळवायची तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. बाईक डावीकडे झुकते आणि वळते. ऐकायला उलटं वाटतं, पण सायकलपासून मोठ्या टूरिंग बाईकपर्यंत सगळ्या दुचाकी अशाच वळतात. आपण ते नकळत करतो. मात्र वळण अचानक आवळत गेलं तर नकळत केलेलं पुरत नाही, तेव्हा जाणीवपूर्वक ढकलता यावं लागतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर ५०च्या वेगात आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला हलकेच ढकलून बघा. बाईक किती पटकन ऐकते ते पाहून आश्चर्य वाटेल.

घाटातलं वळण कसं वाचायचं

अनोळखी रस्त्यावर पुढचं वळण किती तीव्र आहे हे आठवणीतून कळत नाही, ते डोळ्यांनीच वाचावं लागतं. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे बघा. तो तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण उघडतं आहे. जागच्या जागी थांबला असेल तर वेग धरून ठेवा. तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळतं आहे आणि वेग अजून कमी व्हायला हवा. या एका सवयीने मला जेवढं वाचवलं तेवढं कुठल्याही महागड्या उपकरणाने नाही. नियम साधा: दिसणाऱ्या मोकळ्या रस्त्यात थांबता येईल एवढाच वेग.

वेग आणि गिअर वळणाच्या आधी ठरवा. वळणात शिरताना आपल्याच लेनच्या बाहेरच्या कडेकडून शिरा आणि आतल्या बाजूला घाईने जाऊ नका. पलीकडचा रस्ता दिसू लागला की मग आत या आणि थ्रॉटल हळूहळू उघडा. लवकर आत शिरणारा चालक वळणाच्या शेवटी बाहेर फेकला जातो, बहुधा समोरच्या लेनमध्ये.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. उजवीकडून चालवण्याच्या देशात डावं वळण घेताना तुमची चाकं स्वतःच्या लेनमध्ये असतात, पण झुकल्यामुळे डोकं आणि खांदे मधली रेघ ओलांडून समोरच्या लेनमध्ये गेलेले असतात. डावीकडून चालवण्याच्या देशात हेच उजव्या वळणात होतं. समोरून बस आली तर? म्हणून अशा वळणात चाकं मधल्या रेघेपासून चांगली दूर ठेवा. ज्या बाजूला आयुष्यभर चालवलं त्याच्या उलट बाजूला आल्यावर हे धोक्याचं वळण बदलतं, आणि शरीराला ते माहीत नसतं.

इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीत एका बाजूने चढताना ४८ हेअरपिन (यू आकाराची वळणं) लागतात आणि रस्ता २,७५० मीटरच्या वर जातो. अशा ठिकाणी चढावरच्या वळणात मध्येच क्लच दाबू नका, बाईक ताकद सोडते आणि आतल्या बाजूला कोसळते. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये आधीच या. वर बघून समोरून काही येत नाही याची खात्री करा आणि मग शिरा. मोठ्या बसला वळायला पूर्ण रस्ता लागतो, तिच्यासाठी खालीच थांबा. स्वित्झर्लंडच्या काही डोंगरी रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळा भोंगा दिसतो. तिथे टपाल बसचा चालक सांगेल तसं बाकीच्यांनी वागायचं असतं.

कागदपत्रं: इथे घाई महागात पडते

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर. तो एकटा काही कामाचा नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. आणि तो निघण्याआधी, ज्या देशाने लायसन्स दिलं तिथूनच घ्यायचा असतो. त्यात मोटरसायकलच्या वर्गापुढे शिक्का आहे ना ते तिथल्या तिथे बघा. फक्त कारचा शिक्का असलेला परवाना घेऊन बाईकवर बसलात तर कायद्याच्या आणि विम्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना चालक ठरता.

हे परवाने दोन प्रकारचे असतात. एक १९४९च्या जिनिव्हा करारानुसार, त्याची मुदत एक वर्ष. दुसरा १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार, त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. आपल्याकडचा परवाना कोणत्या कराराचा आहे हे बघणं आवश्यक आहे. जपान फक्त १९४९चा मानतो, व्हिएतनाम १९६८चा. चीनच्या मुख्य भूमीवर यातला कोणताच चालत नाही, तिथे स्थानिक तात्पुरता परवाना काढावा लागतो.

स्वतःची बाईक नेणार असाल तर सीमेवरच्या कस्टम खात्याला हमी हवी असते की ही गाडी तुम्ही तिथे विकणार नाही. काही देश सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद देतात. काही देशांत कार्नेट लागतं. हे गाडीच्या पासपोर्टसारखं पुस्तक असतं, वाहनचालकांच्या मान्यताप्राप्त संघटना ते एका वर्षासाठी देतात आणि त्याबदल्यात मोठी रक्कम किंवा बँक हमी ठेवून घेतात. प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, निघताना दुसरा. निघतानाचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशातच राहिली असं धरलं जातं आणि ठेव धोक्यात येते. सीमेवर कितीही गर्दी असो, उकाडा असो, मागचे हॉर्न वाजवत असोत, पान उघडून शिक्का, तारीख आणि चासी नंबर स्वतः वाचल्याशिवाय खिडकी सोडू नका. चासी नंबर १७ अक्षरा-अंकांचा असतो आणि एका अक्षराच्या चुकीने अर्धा दिवस जातो. गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र न्या.

विम्याचे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा त्या देशात चालणारा हवा. युरोप आणि आसपासच्या अनेक देशांत त्यासाठी ग्रीन कार्ड नावाची व्यवस्था १९५३पासून आहे, बाकी ठिकाणी बहुधा सीमेवर विमा घ्यावा लागतो. दुसरा तुमच्या स्वतःच्या उपचारांचा. प्रवास विम्याची बारीक अक्षरं शांतपणे वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची बाईक वगळतात, योग्य वर्गाचा परवाना नसेल तर दावा नाकारतात, आणि घरी परत आणण्याचा खर्च धरत नाहीत. "मोटरसायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का" याचं उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्या.

स्वतःची बाईक की भाड्याची

दोन-तीन आठवड्यांची सहल असेल तर भाड्याची घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईक पाठवण्यात जाणारा वेळ आणि कागदपत्रांचा व्याप अनेक महिन्यांच्या प्रवासालाच परवडतो. विमानाने पाठवायची तर ती धोकादायक माल म्हणून नोंदवली जाते, टाकी जवळजवळ रिकामी करावी लागते आणि बॅटरीची जोडणी काढावी लागते. जहाजाने पाठवली तर बंदरावरच्या तारखा पुढे-मागे होणारच हे धरून चाला. उत्तर अमेरिकेतून दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ता नाही, तिथे प्रत्येकाची बाईक समुद्रातून किंवा हवेतूनच पलीकडे जाते.

भाड्याची बाईक घेताना टायरची खोली, ब्रेक पॅड, चेनचा ताण बघा आणि बाईकभोवती फिरून प्रत्येक ओरखड्यासह व्हिडिओ काढा. शेजारच्या देशात न्यायची लेखी परवानगी आहे का ते विचारा. अनामत म्हणून पासपोर्ट देऊ नका.

मार्ग आखताना

आधी ऋतू, मग रस्ता. आल्प्समधला ग्रॉसग्लॉकनर रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच खुला असतो. रोमानियातला ट्रान्सफॅगरॅशन २,००० मीटरच्या वर जातो आणि त्याचा उंच भाग बहुधा उन्हाळा आणि शरदातच उघडा असतो. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तो त्या महिन्यात चालू आहे असं नाही.

रोजचं अंतर ठरवताना घरच्या विक्रमांचा विचार सोडून द्या. महामार्गावर ४०० किलोमीटर ठीक, घाटरस्त्यांवर २५० पुष्कळ, कच्च्या रस्त्यावर १५०ही दिवस भरतात. नकाशाने दाखवलेल्या वेळेत निम्मा वेळ आणखी मिळवा. पाच दिवसांमागे एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. तो पाऊस, आजारपण, पंक्चर किंवा एखादं गाव आवडणं, यासाठी लागतोच. सीमा ओलांडण्याच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

पेट्रोलचा हिशेब लादलेल्या बाईकच्या खऱ्या मायलेजवर करा आणि त्यातून २० टक्के वजा करा, कारण समोरचा वारा आणि चढ तेवढं सहज खातात. अलास्कातल्या डाल्टन महामार्गावर कोल्डफूट आणि डेडहॉर्स यांच्यामध्ये सुमारे ३८५ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. अशा टप्प्यांच्या आधी, अर्धी टाकी झाली की भरायची ही सवय जीव वाचवते.

उंचीचा हिशेब माणसासाठीही करा. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. इंजिनाची ताकद घटते, पण खरी काळजी चालकाची. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये अशी आखणी करा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तोल जातोय असं वाटलं तर वर जाणं थांबवा, वाढत गेलं तर खाली उतरा. विरळ हवेत निर्णयही मंदावतात आणि ते आपल्याला स्वतःला कळत नाही.

रस्त्याची उलटी बाजू

यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो, कारण अनुभवी चालकही इथेच चुकतात. गर्दीच्या रस्त्यावर चूक होत नाही, पुढची गाडी रस्ता दाखवते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, आणि थांबून पुन्हा निघताना. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबल्यावर, एकेरी रस्ता संपल्यावर, यू-टर्ननंतर. माझीही चूक अशीच झाली. उलट्या बाजूच्या देशातला चौथा दिवस होता, म्हणजे सवय झाली असं वाटू लागलं होतं. सकाळी पंपातून बाहेर पडलो आणि सरळ जुन्या सवयीच्या लेनमध्ये गेलो. रस्ता रिकामा होता म्हणून दोनशे मीटर कळलंच नाही. समोरून ट्रकचे दिवे दिसले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून बाईक सुरू करण्याआधी मी बाजू मोठ्याने बोलतो.

करायचं काय? टाकीवर ठळक बाण चिकटवा. किल्ली फिरवण्याआधी "उजवीकडे" किंवा "डावीकडे" असं तोंडाने म्हणा. एक खूण कायम उपयोगी पडते: उजवीकडून चालवताना रस्त्याची मधली रेघ तुमच्या डाव्या हाताला असते, डावीकडून चालवताना उजव्या हाताला. गोल चौकात उजव्या बाजूच्या देशात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि आधी डावीकडे बघायचं, डाव्या बाजूच्या देशात घड्याळाच्या दिशेने आणि आधी उजवीकडे. थायलंडमधून मेकाँग ओलांडून लाओसमध्ये गेलात की एका पुलावर बाजू बदलते, इंग्लंडहून फ्रान्समध्ये उतरलात तरी तेच. अशा दिवशी सीमेनंतरचा पहिला तास सगळ्यात हळू चालवा. स्वतःची बाईक असेल तर हेडलाइटकडेही बघा, एका बाजूसाठी बनलेला डिपर दुसऱ्या बाजूला समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो.

बाकी नियम देशागणिक वेगळे. फ्रान्समध्ये खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, पांढऱ्या काठाचा पिवळा चौकोन तिरका उभा दिसला तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. तिथे बाईकवर हातमोजेही सक्तीचे आहेत. बेल्जियममध्ये हातमोजे, लांब बाह्या, लांब पँट आणि घोटा झाकणारे बूट हवेत. चेकिया आणि हंगेरीत दारूचा एक थेंबही चालत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाट्या मैलांत असतात, ६० म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. दक्षिण कोरियात एक्स्प्रेसवेवर मोटरसायकलला बंदी आहे, त्यामुळे कारसाठी दाखवलेला मार्ग तुमच्या कामाचा नाही.

सामान आणि रोजची दिनचर्या

जड वस्तू खाली आणि बाईकच्या मध्याजवळ, हलक्या वर आणि मागे. दोन्ही बाजूंचं वजन सारखं. मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) वाढवा, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन वळणात उत्तर देत नाही. हत्यारं, पंक्चर किट, छोटा पंप, क्लच केबल, टेप आणि तार पुरे, बाकी वाटेत मिळतं. कागदपत्रांच्या छायाप्रती बाईकपासून वेगळ्या ठेवा. पासपोर्ट, परवाना आणि औषधं अंगावर, बॅगेत नाही.

विमानातून उतरल्या दिवशी बाईकवर बसू नका. झोप पुरी झाल्याशिवाय शरीर आळसावलेलं असतं आणि ती गोष्ट चहाकॉफीने लपते, जात नाही. पहिला दिवस १०० किलोमीटरचा, दिवसाउजेडी, शहराबाहेरचा ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा असतो, तेव्हा थांबणं शहाणपणाचं. ट्रामचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. रात्री चालवण्याची वेळ येऊ नये अशीच आखणी करा.

अपघात झाला तर आधी स्वतः आणि जखमी माणूस रस्त्यातून सुरक्षित जागी, मग फोन. युरोपीय संघात ११२, उत्तर अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९. रक्तगट, ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर तिथल्या भाषेत लिहून हेल्मेटच्या आत किंवा जॅकेटच्या खिशात ठेवा.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटं बाईकपाशी द्या. टायरवर हात फिरवून खिळा आहे का बघा, गरम चेनला तेल द्या, बोल्ट हलवून पाहा. टायरमधली हवा सकाळी थंड असतानाच मोजा. आणि झोपण्याआधी नकाशावर उद्याचं पहिलं वळण बघून ठेवा, फाटकातून बाहेर पडताना कोणत्या बाजूला जायचं आणि कोणत्या लेनमध्ये शिरायचं ते.